मोक्याची गच्ची

“ये मेरे डर का फोटू है,” असं म्हणत रफिया उठली आणि पडद्याजवळ जाऊन उभी राहिली.

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या एका जुन्या वाचनालयाचा तो वरचा हॉल होता. खिडक्या लावून घेतल्यामुळे भरदुपारी आत अंधार झाला होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला की फोटोतली घरंही हलत होती. समोर खुर्च्यांवर पाठीला पाठ लागलेल्या दोन गल्ल्यांतल्या बायका बसल्या होत्या. काही इकडच्या, काही तिकडच्या. गेल्या वर्षी दंगल झाली तेव्हापासून यांच्यातली एकही दुसरीच्या गल्लीत पाऊल टाकत नव्हती. पण केतकी नावाच्या पुण्याच्या एका मुलीनं घरोघर जाऊन, पुन्हा पुन्हा जाऊन, त्यांना इथं आणलं होतं. ती एका संस्थेत काम करायची. तिचं म्हणणं साधं होतं. भाषण नको, तक्रार नको. हातातल्या फोननं फोटो काढा. जिथं जिवाला बरं वाटतं त्याचे आणि जिथं भीती वाटते त्याचे. दर शनिवारी ते सगळ्यांना दाखवा आणि त्याबद्दल बोला. शेवटी त्या फोटोंचं इथंच प्रदर्शन भरवायचं होतं.

पडद्यावर आत्ता एक खिडकी होती. खिडकीच्या गजांना आतून पत्रा ठोकलेला होता आणि पत्र्याच्या वर उरलेल्या फटीतून पलीकडची एक गच्ची दिसत होती. गच्चीवर पाण्याची काळी टाकी. टाकीच्या झाकणाला पिवळ्या साडीची पट्टी करकचून बांधलेली. टाकीला लागून निळ्या ताडपत्रीखाली झाकलेला एक ढीग.

सुनीताबाईंनी आधी टाकी पाहिली, मग ती पिवळी पट्टी. साडी त्यांची होती. गाठही त्यांनीच मारली होती, झाकणाची कडी तुटली तेव्हा.

“हवा से कपडा उडता ना, तो नीचे पत्थर दिखते,” रफिया सांगत होती. “ये आने के बाद मेरे शौहर पत्रा ठोके खिडकीकू. अब दिन में भी बत्ती लगाके रोटी डालती मैं. बच्चोंकू अंदर के कमरे में सुलाती. छोटी पूछती, अम्मी, हवा कब आती?”

केतकीनं हळूच विचारलं, “कुणाची गच्ची आहे, माहीत आहे?”

“क्या मालूम. पीछे की गल्ली की है. उधर कहां जाते हम लोग अब.”

दोन्ही गल्ल्यांतल्या घरांची मागची अंगं एकमेकांना जवळजवळ टेकलेली होती, मधे फक्त एक अरुंद नाली. पण दारं दोन वेगळ्या गल्ल्यांत उघडायची आणि एका दारातून दुसऱ्या दारात जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागायचा. त्यामुळे दारातली माणसं एकमेकांना माहीत होती, खिडक्या आणि गच्च्या कुणाच्या ते माहीत नव्हतं. रफिया आणि सुनीताबाईंची ओळख मात्र या हॉलमधलीच. पहिल्याच शनिवारी शेजारच्या खुर्च्या मिळाल्या आणि मग त्याच ठरून गेल्या. रफिया घरून काहीतरी करून आणायची. आज लुकमी, म्हणजे खिम्याचे चौकोनी समोसे, आणली होती, त्यातली खास मटाराची एक सुनीताबाईंसाठी वेगळ्या कागदात.

गेल्या शनिवारी सुनीताबाईंची पाळी होती. त्यांनी दोन फोटो दाखवले होते. एकात त्यांचे यजमान वसंतराव दारातल्या उन्हात बसून नखं कापत होते. दंगलीत त्यांच्या डाव्या डोळ्यावर दगड बसला, डोळा गेला. त्यानंतर कितीतरी महिने ते दारात बसलेच नव्हते. दुसरा फोटो मोठ्या रस्त्यावरून दिसणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाचा होता. तिथूनच तो जमाव आला होता. भाजी आणायला जाताना तिथं आलं की पाय आपोआप भरभर पडतात, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यावर रफिया मान हलवत म्हणाली होती, “आपा, वो तो मेरी गल्ली है. वो कोने में मेरे देवर की चूडियों की दुकान थी. उसी दिन जल गई.” तिनं ते सहज सांगितलं होतं, डोळ्याला डोळा देऊन.

आज तसंच सहज सांगायची वेळ सुनीताबाईंवर आली होती आणि त्यांनी सांगितलं नाही. हातातली लुकमी त्यांनी खाल्ली, सगळी खाल्ली, आणि वर पाणी प्याल्या.

“तबियत ठीक नहीं क्या, आपा?” बसस्टॉपवर रफियानं विचारलं.

“जरा सिर दुख रा,” त्या म्हणाल्या.

*

उदगीरहून लग्न होऊन त्या हैदराबादेत आल्या, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. वसंतराव धारूरकर वीजखात्यात बिलाच्या खिडकीवर बसायचे. संसार त्या पगारात बसवायचा म्हणून सुनीताबाईंनी शिलाईचं मशीन घेतलं आणि साड्यांना फॉल-पिको करायला सुरुवात केली. मागच्या गल्लीतल्या बायकाही मोठ्या रस्त्यानं वळसा घालून त्यांच्याकडे यायच्या, ओढण्यांना पिको करून न्यायच्या. दंगलीनंतर इकडच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं आणि त्या यायच्या थांबल्या. सुनीताबाईंच्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच होतं. एक नवरा, एक मुलगा मकरंद, एक मशीन, आणि त्यांच्याच नावावरची ही दोन मजली जागा, जी वडिलांनी दिलेल्या पैशात घेतली होती.

घरी आल्या तेव्हा वसंतराव खाटेवर पडून रेडिओ ऐकत होते.

“गच्चीवर काय ठेवलंय मकरंदनं?” चपला न काढताच सुनीताबाईंनी विचारलं.

वसंतरावांनी रेडिओ बंद केला. मान छताकडे केली.

“मला दिसत कमी असंल,” ते म्हणाले, “ऐकू सगळं येतं. ओढल्याचे, आपटल्याचे आवाज यायचे डोक्यावर. तू बाहेर असलीस की.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगून तू काय केलं असतंस?”

ते चिडून बोलले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. गुडघे धरल्यापासून जिना चढणं सुनीताबाईंनी सोडलंच होतं. ‘पाण्याचं मी बघायलो ना आई, तू कशाला वर चढतीस,’ असं मकरंद म्हणाला होता, तेव्हा त्यांना किती बरं वाटलं होतं. पोरगा काळजी घेतो, असं त्यांनी शेजारणीला सांगितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मकरंद आंघोळीला गेल्यावर त्यांनी त्याच्या पँटच्या खिशातून गच्चीची किल्ली काढली. जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेल्या. ताडपत्रीचं एक टोक उचललं.

विटा फोडून केलेले तुकडे होते. हातात नीट बसतील असे, सगळे जवळजवळ एका मापाचे. पाठीमागे सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, एकावर एक. कुणीतरी निवांत बसून, मन लावून केलेलं काम होतं ते. घरात पाहुणे यायचे म्हणून तांदूळ निवडून ठेवावेत तसं.

नालीपलीकडे हाताच्या अंतरावर रफियाची खिडकी होती. पत्रा ठोकलेली. वरच्या फटीत आत जळणारा पिवळा दिवा दिसत होता आणि तव्यावर काहीतरी परतल्याचा आवाज येत होता. सुनीताबाईंनी कमरेला खोचलेला फोन काढला. ढिगाचा फोटो घेतला. मागची खिडकी येईल असा आणखी एक घेतला.

“आई.”

मकरंद दारात उभा होता. केसांतून पाणी गळत होतं.

“फोन दे.”

“दगड कशाला आणलेस?”

“मी एकट्यानं नाही आणले. गल्लीनं आणलेत. आपलं घर उंच आहे म्हणून इथं ठेवले.”

“कुणाला मारायला?”

“मारायला नाही. कुणी आलं तर.” तो जवळ आला. “पुढच्या रविवारी मिरवणूक आहे. मागच्या वर्षी ह्याच मिरवणुकीला काय झालं, विसरलीस? बाबा काय भांडायला गेले होते? ब्रेड आणायला गेले होते.”

“त्या खिडकीत एक बाई राहते, मक्या. तिला हे दिसतं. तिनं फोटो काढलाय ह्याचा. शनिवारी प्रदर्शनात लागणार आहे.”

त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यानं खांदे उडवले.

“दिसू दे की. दिसावं म्हणूनच ठेवलंय. दिसलं की भितात. भ्याले की येत नाहीत.”

सुनीताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात पाकिटं मोजणारा, अंगानं बारीक, त्यांचा मुलगा. त्या संध्याकाळी वसंतरावांना उचलून याच्याच हातांनी ऑटोत घातलं होतं. तेव्हापासून लग्नाच्या वरातीचे फटाके वाजले तरी हा झोपेतून उठून दाराची कडी बघायचा.

“तू भितोस,” त्या म्हणाल्या.

“हो, भितो. मग?” तो एकदम ओरडला आणि लगेच खिडकीकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. “तू नाही भीत? तूच त्या गल्लीचा फोटो काढून दाखवलास ना सगळ्यांना?”

त्यानं त्यांच्या हातातून फोन घेतला. हिसकावला नाही, लहानपणी वाटाण्याचा दाणा नाकात घातला होता तेव्हा त्यांनी त्याचं डोकं जसं घट्ट धरलं होतं, तसं त्यानं त्यांचं मनगट धरलं आणि घेतला. दोन्ही फोटो खोडले. फोन परत दिला. किल्लीही मागून घेतली.

खिडकीतला परतण्याचा आवाज थांबला होता.

*

बुधवारी हिम्मतराव आले. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं; फाटक त्यांनीच पुढाकार घेऊन बसवलं होतं. माणूस वाईट नव्हता. वसंतराव दवाखान्यात होते तेव्हा रोज डबा घेऊन हाच माणूस येत होता, बाकावर बसून रात्री काढत होता. सुनीताबाई ते विसरल्या नव्हत्या. त्यांनी चहा टाकला.

“वहिनी, फोटोंचा छंद चांगला आहे,” बशीत चहा ओतत हिम्मतराव म्हणाले. “पण शनिवारी संध्याकाळी पोलीस ठाण्यातले साहेब यायलेत म्हणे उद्घाटनाला. तिथं हा फोटो लागला, की साहेब विचारणार, छत कुणाचं. मग पोरांची नावं जातील. पहिलं मकरंदचं जाईल. घर तुमचं.”

“तो फोटो माझा नाही.”

“तुमचा नसंल. पण त्या पुण्याच्या पोरीशी तुमचं चांगलं आहे. तुम्ही सांगितलं तर ती काढंल.”

“आणि दगड?”

“ते राहू द्या. मिरवणूक होईपर्यंत.”

“मग तुमच्या दुकानावर ठेवा की ते.”

हिम्मतराव हसले. “माझं दुकान बुटकं पडतं, वहिनी. तुमची गच्ची मोक्याची आहे.”

वसंतराव खाटेवर बसून ऐकत होते. हिम्मतरावांनी जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तब्येत जपा, वसंतराव. आम्ही आहोत.” वसंतरावांनी मान हलवली. पण हिम्मतराव गेल्यावर त्यांनी तो खांदा उगाच झटकला, पाल पडल्यासारखा.

तीन दिवस सुनीताबाईंना मशीनवर बसवेना. सुई दोनदा तुटली. हिरव्या साडीला निळा फॉल लागला, तो उसवून पुन्हा लावला. मकरंद जेवायला यायचा, ताटाकडे बघून जेवायचा आणि जायचा. त्याला पोलीस घेऊन जातायत असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे यायचं आणि ते चित्र पुसावं म्हणून डोळे मिटले की पत्र्याच्या फटीतला तो पिवळा दिवा दिसायचा. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ठरवलं. सकाळी हॉलवर जायचं, केतकीच्या पाया पडायचं आणि तेवढा एक फोटो काढून घ्यायला सांगायचं. आपल्या पोराला वाचवायचं. पुढचं पुढं.

*

हॉलमध्ये फोटो लावायचं काम चाललं होतं. केतकी खाली टेम्पोवाल्याशी बोलत होती. वर रफिया एकटी स्टुलावर उभी होती. दारातून आत आलं की समोरच, दरवाजाच्या फळीएवढा मोठा करून, तिचाच फोटो टांगला होता. एवढा मोठा केल्यावर ताडपत्रीखालचे दगडही ओळखू येत होते.

“आपा! देखो ना, सीधा है क्या?” रफिया वरून म्हणाली. तिनं नवा दुपट्टा घेतला होता. आपला फोटो सगळ्यांत मोठा लावलाय, याचा आनंद तिला लपवता येत नव्हता.

केतकीला शोधायचं, तिला बाजूला घ्यायचं, रफियाच्या नजरेला पडायचं नाही, असं सगळं ठरवून आलेल्या सुनीताबाई तिथंच उभ्या राहिल्या.

“रफिया, जरा नीचे उतरो.”

ती उतरली. हात पुसत पुढं आली.

“वो छत मेरा है.”

रफिया हसली. “आपका? आप तो फॉल लगाते, आपा.”

“वो टंकी का झाकण मैंने बांधा. वो पिली साडी मेरी है.”

रफियानं वळून फोटोकडे पाहिलं. मग सुनीताबाईंकडे. मग पुन्हा फोटोकडे, जणू दोन्हींतलं काहीतरी एक खोटं असायला हवं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू ओसरलं.

“पिछले हफ्ते आप यहीच बैठे थे,” ती म्हणाली. “मेरे बाजू में. मेरी लुकमी खाए.”

“हां.”

“और कुछ बोले नहीं.”

“नहीं बोली. मेरा लडका है.”

“मेरे तीन हैं.”

खालून टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. रफियानं दुपट्टा डोक्यावरून ओढून घेतला. या हॉलमध्ये, फक्त बायकाच असताना, तिनं तो कधी असा ओढला नव्हता.

“अब क्या होना आपकू?”

सुनीताबाईंनी फोटोकडे बोट केलं. “इसकू... उतार देते क्या?”

“उतारो ना. कायकू नहीं? अभीच उतारो.”

सुनीताबाई पुढं झाल्या. स्टुलावर चढायला त्यांनी पाय उचलला, चौकटीच्या कडेला हात लावला.

“फोटू नहीं, आपा,” मागून रफिया म्हणाली. “पत्थर.”

*

घरी येऊन त्यांनी साडीचा पदर कमरेला खोचला. मकरंद कामावर होता आणि किल्ली त्याच्याकडे होती. त्यांनी पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला, वर जाऊन कुलपावर घातला. पहिल्या घावात काही झालं नाही. मग मोजले नाहीत. कडीच निखळून आली.

घमेल्यात मावतील तेवढे तुकडे भरले आणि त्या खाली निघाल्या. पहिल्या खेपेला कंबरेतून कळ आली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला उजवा गुडघा वाकेना, म्हणून त्या जिन्यावर बसून, घमेलं मांडीवर घेऊन, एकेक पायरी घसरत उतरल्या. दारातून बाहेर पडून फाटकाशी गेल्या आणि सगळ्यांच्या देखत घमेलं उपडं केलं. दगड रस्त्यावर खडखडत पडले.

दुपारची वेळ होती. आधी एक खिडकी उघडली, मग दुसरी. बायका दारात आल्या. कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीतच होतं. कुणी हातही लावला नाही. एकीनं आपल्या पोरीला हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

हिम्मतराव दुकानातून धावत आले.

“वहिनी! काय करायलात हे?”

“छत साफ करायले.”

“उद्या मिरवणूक आहे. उद्या! काही झालं तर सगळ्या गल्लीचं पाप तुमच्या माथी. मी सांगून ठेवतो.”

“सांगा,” सुनीताबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. एवढंच बोलता आलं.

पुढची खेप घेऊन त्या जिन्याच्या मधल्या वळणावर आल्या, तर तिथं वसंतराव उभे होते. एक हात भिंतीला, एक हात पुढं. डाव्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं, म्हणून अंग तिरकं करून उभे.

“तुम्ही कशाला? पडाल.”

“इथपर्यंत तू आण,” ते म्हणाले. “इथून खाली मी नेतो. पायऱ्या पाठ आहेत मला.”

आणि ते नेऊ लागले. चाचपत, घमेलं पोटाशी धरून. फाटकाशी गेल्यावर एकदा त्यांच्या हातातून एक तुकडा सुटून पायावर पडला. त्यांनी तो उचलला, हातात फिरवला, बोटांनी त्याची धार बघितली. बराच वेळ बघितली. मग तो इतरांत टाकला आणि परत वळले. शेवटी सोड्याच्या बाटल्यांचे क्रेटही खाली गेले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मकरंद आला. कुणीतरी फोन केला असणार. ढिगापाशी त्यानं गाडी थांबवली. बापाला धापा टाकत येताना पाहिलं, मागं दारात आईला पाहिलं. तिची साडी विटांच्या भुकटीनं लाल झाली होती.

“कुणी सांगितलं तुला हे?” त्यानं विचारलं.

“कुणी नाही. गच्ची माझी आहे.”

“आता ते आले तर मी काय करू? सांग. हातानं अडवू?”

सुनीताबाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात घाणीनं भरले होते आणि सगळी गल्ली बघत होती. मकरंदनं गाडी वळवली आणि तो गेला. रात्री जेवायला आला नाही. एका मित्राकडे झोपतोय, एवढाच निरोप आला.

त्याच संध्याकाळी हिम्मतरावांच्या पोरांनी फाटकापाशी पडलेले दगड आणि क्रेट गोळा केले आणि दुकानाच्या पत्र्यावर नेऊन ठेवले. खिडकीतून ते बघून वसंतराव म्हणाले, “झालं. इथले तिथं गेले.”

“जाऊ द्या,” सुनीताबाई म्हणाल्या. “इथले तर गेले.” पण त्यांनाही ठाऊक होतं की ते पुरेसं नाही.

केतकीचा रात्री फोन आला. ठाण्यातले साहेब येऊन गेले. फोटोसमोर थांबले, छत कुणाचं म्हणून त्यांनी विचारलं. रफिया म्हणाली, मालूम नहीं साब. दुसरं काही बोलली नाही, कार्यक्रम संपायच्या आधीच निघून गेली. सुनीताबाईंनी रफियाचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

*

रविवारी दुपारी गल्ली चिडीचूप होती. फाटकाला कुलूप होतं. सुनीताबाईंनी गुडघ्यांना तेल चोळलं आणि जिन्याकडे निघाल्या.

“वर कशाला?” वसंतरावांनी विचारलं.

“दार मोडलेलं आहे. गच्ची रिकामी दिसली तर कुणी पुन्हा आणून ठेवील.”

“मग मीही येतो.”

“तुम्ही दारात बसा. दारातही कुणी पाहिजे.”

गच्चीची फरशी तापली होती. ताडपत्री घडी करून कोपऱ्यात ठेवलेली. त्यांनी एक जुनं पोतं अंथरलं आणि टाकीच्या सावलीत न बसता मधोमध बसल्या, चारी बाजूंनी दिसेल अशा. मागच्या खिडक्यांतून कुणी बघितलंच तर त्याला दिसावं की इथं एक म्हातारी होत चाललेली बाई बसली आहे, आणि तिच्याजवळ काही नाही. रफियाच्या खिडकीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. आपण बघतोय असं तिला वाटू नये.

दूरवर ढोल सुरू झाले. अंबरपेठेकडून येत होते. हिम्मतरावांच्या दुकानावर चार-पाच पोरं उभी होती. त्यांच्यात मकरंद आहे का, ते ऊन डोळ्यांवर येत असल्यानं कळेना. मागच्या गल्लीत कुठंतरी शटर धाडकन खाली पडलं. मग दुसरं. एक बाई मोठ्यानं कुणाला तरी आत बोलावत होती. ढोल जवळ येत होते. मधेच फटाक्यांची माळ उडाली आणि सुनीताबाईंनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. नुसते फटाके होते. त्यांनी हात खाली घेतले आणि मांडीखाली दाबले.

जिन्यावर पावलं वाजली.

त्या वळल्या नाहीत. पावलं दारापाशी थांबली, मोडक्या कडीला हात लागल्याचा आवाज झाला आणि मकरंद पुढं आला. अंगात कालचाच शर्ट होता. डोळे लाल. एका हातात हेल्मेट होतं. तो कठड्याशी गेला, रस्त्याकडे पाहिलं, मागच्या खिडक्यांकडे पाहिलं, दुकानावरच्या पोरांकडे पाहिलं. तिथून कुणीतरी त्याला हात केला. त्यानं उलट हात केला नाही.

मग तो आईसमोर उकिडवा बसला आणि हातातलं हेल्मेट त्यानं तिच्या डोक्यावर घातलं.

अंबाड्यामुळे ते बसेना. त्यानं काढलं, मागं हात घालून काटे ओढून अंबाडा मोकळा केला. लहानपणानंतर त्यानं कधी त्यांच्या केसांना हात लावला नव्हता. पुन्हा हेल्मेट घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. आत त्याच्या तेलाचा आणि घामाचा वास होता. ढोल एकदम लांब गेल्यासारखे झाले. सुनीताबाईंना आपला स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला.

त्यांनी काच वर केली.

“आणि तुला?”

“बस तू,” तो म्हणाला, आणि उघड्या डोक्यानं त्यांच्या शेजारी फरशीवर बसला.

ढोल वळणापाशी आले होते.